रिकाम्या तोंडानं

फेब्रुवारीत शिकारीचा हंगाम संपतो
आणि आमच्याकडे कुत्री रस्त्यावर येतात.
उंच, बारीक, लांबूनही बरगड्या मोजता येतील अशी,
सशामागे धावण्यासाठीच पैदा केलेली गालगो.

नेरेयाच्या आश्रयगृहात त्या वर्षी अठ्ठावन्न होती.
ती म्हणाली, हा सोमवारी सापडला, म्हणून लुनेस.
दोरीला घाबरतो. गाडीच्या डिकीला घाबरतो.
मग जरा थांबून : पुरुषांना.
मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं.
तिनं फॉर्मवरून मान वर केली नाही.

एकोणीस दिवस तो वॉशिंग मशीनमागे राहिला.
मी ताटली ठेवायचो आणि पाठ फिरवून बसायचो,
पेपर मोठ्यानं वाचत :
ऑलिव्हचे भाव, कोण वारलं, तोलेदोचं हवामान.
विसाव्या दिवशी, हवामान चालू असताना,
कोपराला काहीतरी ओलं लागलं.
मी पान उलटलं नाही.
उद्या ढगाळ, उद्या ढगाळ,
एवढंच वाचत राहिलो.

जिना त्याला ठाऊक नव्हता,
माझा गुडघा जिना विसरत चाललेला.
डोंगर मात्र दोघांनाही येत होता.
आधी पाण्याच्या टाकीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत,
जाराच्या चिकट झुडपांतून वास अंगावर घेत
मे महिन्यात थेट मेंढपाळांच्या पडक्या खोपटापर्यंत.
तिथे एका पांघरुणात सहा पाय,
आणि थंडगार असलेले दोन नेमके माझे.

भाऊ एलेउतेरिओ बारमध्ये म्हणाला,
शिकारीचं कुत्रं, आणि गादीवर झोपवतोस?
म्हटलं, गादी त्याची आहे. मी कडेला असतो.

आता दोरीचं सांगतो.
बापाकडे सहा होती.
ज्यानं ससा सोडला
त्याचं नाव घरात पुन्हा निघत नसे.
मी नऊ वर्षांचा होतो. ती करडी होती.
पाइनखाली त्यानं दुसरं टोक माझ्या हातात दिलं,
घट्ट धर, एवढंच म्हणाला.
मी घट्ट धरलं.

ती गाठ बोटांना अजून येते.
बूट बांधताना एखाद्या सकाळी आपसूक पडते.
सोडवतो. पुन्हा बांधतो.

ऑक्टोबरात, खोपटाखालच्या पडीक रानात,
पट्टा काढला होता, आणि ससा उठला.
लुनेस धावला म्हणणं चूक,
कुणीतरी त्याच्याखालून रान ओढून घेतलं.
आणि मी ओरडलो. घे! घे त्याला!
आवाज माझा नव्हता.
सदुसष्टाव्या वर्षी घशातून बाप निघाला.

दगडी कुंपणापाशी ससा नाहीसा झाला.

लुनेस परत आला रिकाम्या तोंडानं,
दहा पावलांवर थांबला.
शेपूट पोटाशी, कान मागे,
मान पुढे केलेली,
शिंप्यापुढे माप द्यावं तशी.

मला काही सुचेना.
मी पाठ फिरवून गवतात बसलो,
खिशात किराण्याची पावती होती, ती मोठ्यानं वाचली :
पाव एक. सार्डिनचे डबे दोन.
बॅटरीचे सेल. कांदे. लिंबं.
सार्डिनचे डबे दोन.
हे मी किती वेळा वाचलं माहीत नाही.
ऊन कलत गेलं,
मग कोपर ओलं झालं.

डबे दोन होते. दोन्ही त्यानं खाल्ले.
तेलात पाव बुडवून मी.

रात्री, खोपटाला छप्पर नव्हतं तिथून तारे दिसत असताना,
अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा
त्या करडीचं नाव मी तोंडानं घेतलं.
लुनेसनं एक कान हलवला,
आणि पांघरूण आणखी थोडं
आपल्याकडे ओढून घेतलं.